नववा भाग वत्सूकडे

वत्सू,

शाळेत असताना आपण दोघींनी जेवढी पुस्तकं वाचली, त्यांतली निम्मी पानं तुझ्याकडे होती. ती आता कुणाकडे मागायची, हे मला कळत नाही.

शाळेच्या हस्तलिखितासाठी तुझ्यावर काहीतरी लिही, असं आपल्या चित्रकलेच्या सरांनी सांगितलं आहे. जन्म, गाव, इयत्ता यांतलं त्यांनी काही मागितलं नाही. "तिला सांगायचं राहिलं असेल ते लिही," एवढंच म्हणाले. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, निबंध लिहून लिहून हात बसला आहे, पण तुझ्याशी या भाषेत बोलायची मला सवय नाही. तू पहिल्याच ओळीला हसली असतीस. "काय गो इंदू, सरांच्या आवाजात बोलतंस!" म्हणाली असतीस. तू हसते आहेस असं धरूनच पुढे लिहिते.

पुढे कधी हे पान उघडणाऱ्या मुलांना आपली लायब्ररी कशी चालायची हे ठाऊक नसेल. म्हणून तुला माहीत असलेलंच आधी थोडं सांगते.

ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात काचेची दोन कपाटं. एकात शब्दकोश आणि नकाशांची पुस्तकं. ती घरी न्यायची नाहीत, समोरच्या बाकावर बसून बघायची. दुसऱ्यात गोष्टी, आणि ते कपाट अर्धं रिकामं. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला कपाटं उघडायची. चित्रकलेचे सर लायब्ररी सांभाळायचे. एका वर्षी सावंतवाडीच्या कुठल्याशा छापखान्याने बांधणीवाचून पडून राहिलेले सुटे फर्मे शाळेला देऊन टाकले. फर्मा म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदाची सोळा पानांची घडी. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक होतं. सरांना त्यांचं एक पुस्तक बांधता आलं असतं. त्यांनी बांधलं नाही. "पुस्तक एक असलं तर एकच मूल नेणार, आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसणार," ते म्हणाले. त्यांनी प्रत्येक फर्मा वेगळा शिवला. चिंचोक्याच्या खळीने त्याला सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचं कव्हर चिकटवलं, कसर लागू नये म्हणून आत वेखंडाची पूड टाकली, आणि कव्हरावर कुंचल्याने आकडा काढला.

फर्म्याच्या घड्या कडांना बंद असतात. त्या कापल्याशिवाय आतली पानं उघडत नाहीत. कापण्याचं काम सर स्वतः करायचे, तेही भाग न्यायला आलेलं मूल समोर उभं असताना. त्यांच्याकडे बांबूची एक पातळ पाती होती. ती घडीत घालून ते सावकाश ओढायचे आणि करकर आवाज होत पानं सुटी व्हायची. आपण दोघी तो आवाज ऐकायला रांगेत मुद्दाम पुढे उभ्या राहायचो.

त्या फर्म्यांतली सगळ्यांत लांब गोष्ट नऊ भागांची होती, आणि पहिला भाग आलाच नव्हता. त्यामुळे पुस्तकाचं नाव आणि लिहिणाऱ्याचं नाव दोन्ही गेलेलं. सरांनी रजिस्टरात लिहिलं, 'मोठी गोष्ट, भाग २ ते ९.' आपण तेच पुस्तकाचं नाव धरून चाललो.

खाडीपलीकडून शाळेत येणाऱ्या मुली आपण दोघीच. मी दुसरा भाग घेतला, तू तिसरा. पुढच्या शनिवारी मी चौथा, तू पाचवा. मागे मुलं टपून बसलेली, त्यामुळे अदलाबदल करायला वेळच नसायचा. तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी. सोमवारी सकाळी तरीत बसलं की आधी मी माझा भाग सांगायचा, मग तू तुझा. मी सांगायची ते पाठ केल्यासारखं असायचं. तू सांगायला लागलीस की तरीतली माणसं बोलायची थांबायची.

गोष्टीत घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस. त्याचा धाकटा भाऊ घर सोडून गेलेला. हा हत्यारांची पिशवी खांद्याला लावून गावोगाव फिरतो, लोकांची घड्याळं लावून देतो आणि भावाची चौकशी करतो. सातवा भाग तू सांगत होतीस तो दिवस मला आठवतो. तर पलीकडे लागायला आली आणि तू मध्येच थांबलीस. तर चालवणारा तारीमामा म्हणाला, "गो चेडवांनू, माका अर्ध्यात सोडून जाव नकात. त्या घड्याळवाल्याचा मगे काय झाला?"

"आता उतरूचा हा. उद्या सांगतंय."

"उद्या? मगे तर हयच उभी करतंय बघ."

आणि त्याने खरोखरच होडी ढकलायचा वासा चिखलात रोवला. टोपलीवाल्या बायका ओरडायला लागल्या, "मेल्या, माशे कुसतीत आमचे!" तू घाबरली नाहीस. उभी राहिलीस, आणि टोपल्यांच्या मधोमध घड्याळवाल्याला बंदराच्या वाटेवर आणून सोडलंस. आपल्याला शाळेत उशीर झाला. उशिराचं कारण तू सरांना खरं सांगितलंस आणि सर हसले.

ती गोष्ट मला कशी ऐकू येत होती, ते तुला ठाऊक होतं. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. माझा दादा आगबोटीने मुंबईला गेला, तिथून मोठ्या जहाजावर खलाशी म्हणून लागला, आणि दोन पत्रांनंतर त्याचा कागद आला नाही. पोस्टमन आमच्या वाडीत शिरला की आये खळ्यात, दारापुढच्या अंगणात, येऊन उभी राहायची. तो न थांबता गेला की काहीतरी उचलायलाच आलो होतो असं दाखवून आत जायची. हे तू अनेकदा पाहिलं होतंस. कधी विचारलं नाहीस.

नववा भाग तुझ्या वाट्याला आला. त्या रविवारी मला जेवण गेलं नाही. सोमवारी तू तरीवर उशिरा आलीस, धापा टाकत. मी तुझा हात धरला आणि धाकटा भाऊ सापडला का, एवढंच विचारलं.

"गावलो?"

तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "गावलो गो!"

आणि सांगितलंस. बंदरावरच्या पिंपळाखाली घड्याळवाला दुकान मांडून बसतो. एक दाढीवाला माणूस बंद पडलेलं घड्याळ घेऊन येतो. घड्याळवाला मागचं झाकण उघडतो आणि त्याचे हात थांबतात. आत त्याच्याच हाताची खूण असते, लहानपणी खिळ्याने ओढलेली. तो वर बघत नाही. घड्याळ चालू करतो, दाढीवाल्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "चल, घरी जेवणाची वेळ झाली." मी तरीतच रडले. तारीमामाने तोंड फिरवलं आणि तो उगाचच वासा मारत राहिला.

घरी जाऊन मी ते आयेला सांगितलं. तिला अक्षर येत नाही. सगळं ऐकून तिने विचारलं, "ह्या पुस्तकात लिवलेला हा?" मी होय म्हटलं. त्यानंतर दर महिन्या-दोन महिन्यांनी, भाकरी थापता थापता, ती विचारायची, "त्या पुस्तकातलो भाव गावलो मां?" मी म्हणायची, "गावलो गे."

नववीनंतर तुझी शाळा सुटली. तुझे बाबा अंथरुणाला खिळले आणि शेत तुझ्यावर आलं. मी मॅट्रिक झाले आणि कोल्हापूरला गेले. आमच्या घरात कॉलेजात गेलेलं कुणी नाही, त्यामुळे तिथं काय विचारायचं आणि कुणाला, हेही मला माहीत नव्हतं. कॉलेजची लायब्ररी केवढी मोठी आहे! पण कपाटांपाशी जाता येत नाही. खिडकीत चिठ्ठी द्यायची, आतून पुस्तक येतं. पहिले दोन महिने मी चिठ्ठीच दिली नाही. वाचनालयात बसून दुसऱ्यांनी टेबलावर सोडलेली पुस्तकं वाचायची. शेजारी इतकी माणसं असतात आणि कुणी कुणाला काही सांगत नाही. पुस्तक संपलं की मी सवयीने मान वर करायची.

असंच एक सोडलेलं पुस्तक यंदा एके दिवशी मधेच उघडलं आणि समोर आपल्या दुसऱ्या भागाचं पहिलं वाक्य होतं. वत्सू, मला वाटलं तू मागे उभी आहेस. अख्खं पुस्तक, कापडी बांधणीचं, कव्हरावर नाव. मी दोन दिवस तिथंच बसून ते वाचलं. तुझे भागही पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांनी वाचले. तिसरा, पाचवा, सातवा तू जवळजवळ शब्द न शब्द सांगितला होतास. मग नववा आला.

पिंपळ नव्हता. दाढीवाला नव्हता. घड्याळवाला बंदरावर उतरतो तिथपर्यंत सगळं तुझ्यासारखंच होतं. पुढे तो इस्पितळात जातो आणि तिथला कारकून त्याला एक गाठोडं काढून देतो. भाऊ दोन वर्षांपूर्वीच वारलेला असतो.

मी पुस्तक मिटलं आणि खोलीवर गेले. दादासाठी मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले. इतकी वर्षं तू मला रडू दिलं नव्हतंस, आणि त्याचाच मला राग आला. कसला तरी राग हवाच होता, असं आता वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी तो राग घेऊन तुझ्याकडे आले. तू खळ्यात पोहे कांडत होतीस. मला बघून मुसळ ठेवलंस, पदराला हात पुसलेस. मी बसलेही नाही.

"तू माका फसवलंस," मी म्हटलं.

"काय झाला गो?"

"तो भाव गावाक नाय. तो मेललो होतो. मी वाचलंय ता पुस्तक, अख्खा. तू खोटा सांगितलंस."

तू खाली बसलीस. "मेललो?" म्हणालीस. आवाज अगदी बारीक. मला वाटलं, पकडली गेली म्हणून. मी आणखी बरंच बोलले. माझ्या आयेला मी तुझ्या शब्दावर काय काय सांगत आले, तू शेवट वाचून तो लपवलास, मला लहान मूल समजलीस. शेवटचं वाक्य मी तुझ्यापुढे शुद्ध भाषेत बोलले, हेही मला आठवतं. तू सगळं ऐकून घेतलंस. मग मान वर करून, जणू भांडण झालंच नव्हतं अशी, तू विचारलंस,

"अख्खा वाचलंस? मगे पहिल्या भागात काय होता गो?"

मी सांगितलं नाही. पाठ फिरवली आणि चालू लागले.

त्याच संध्याकाळी चुलीपाशी आयेने विचारलं, "इंदू, त्या पुस्तकातलो भाव गावलो मां?" मी तिच्या हाताकडे बघत राहिले. भाकरी परतायची थांबली होती. मी म्हटलं, "होय गे आये. गावलो."

तेव्हा मला कळलं, वत्सू. तरीवर मी तुझा हात धरला तेव्हा तुला माझ्यात काय दिसलं असेल, ते तेव्हा कळलं. सुट्टीचे अजून तीन दिवस बाकी होते. तुझं घर हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी जाईन म्हटलं, मग तिसऱ्या. मग कोल्हापूरची गाडी धरली. नाताळात जाईन, म्हटलं.

सरांचं पोस्टकार्ड त्याच्या आधी आलं. तापाचं निमित्त होऊन तू गेलीस, एवढंच त्यात होतं. मी पोचले तेव्हा तुझ्या खळ्यात मुसळ भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं.

तुझ्या आईने मला आत बोलावलं. तुझी पत्र्याची पेटी पुढे सरकवली आणि म्हणाली, "ह्या शाळेचा आसा, ता नेऊन दी. वत्सू कोणाक हात लावूक देय नसा." सिमेंटच्या कागदाचं कव्हर, वर कुंचल्याने काढलेला ९. वेखंडाचा वास अजून होता. मी उघडायला गेले आणि उघडेना. पहिलं पान तेवढं बाहेरून वाचता येत होतं, घड्याळवाला बंदरावर उतरतो तिथपर्यंतचं. मागे बाहेरच्या बाजूला छापखान्याच्या जाहिरातीचं पान. मधलं सगळं घडीत बंद. एकही कड कापलेली नव्हती.

मी तशीच खाडी ओलांडून शाळेत गेले. सर व्हरांड्यात खळ ढवळत होते. तो भाग बघून त्यांनी हात पुसले.

"सर, हा कापलेलाच नाही."

"नाहीच कापलेला," ते म्हणाले. "मी पाती घातली होती. तिने हात आडवा धरला. मला विचारलं, सर, भाऊ सापडतो का? मी म्हटलं, मी वाचलेला नाही, तूच वाच आणि सांग. मग म्हणाली, कापू नका. आत काय असेल ते असू दे. सोमवारी इंदूला काय सांगू ते माझं मला ठरवता येईल."

"आणि तुम्ही तसाच दिलात?"

"दिला. नंतर मुलं नववा मागायची, तेव्हा मी सांगायचो, तो वत्सलाकडे आहे, तिच्याकडून ऐकून या. जायची मुलं, खाडी ओलांडून. तिची शाळा सुटल्यावरसुद्धा जायची." सर थोडे हसले. "मीपण एकदा गेलो होतो. पिंपळाखालचं ऐकून आलो."

म्हणजे तू शेवट लपवला नव्हतास. तुला तो ठाऊकच नव्हता. माझ्यासाठी तू तो वाचायचा सोडून दिला होतास, इतकी वर्षं पेटीत बंद ठेवला होतास. आणि दिवाळीत, पोह्यांच्या त्या खळ्यात, मी तो तुझ्यापुढे कापला. तुला नको असलेलं तेवढं सांगितलं, आणि तू मागितलंस ते दिलं नाही.

सरांनी पाती उचलली होती. "कापू?" त्यांनी विचारलं. शाळेचा भाग आहे, मुलांचा आहे, माझा नाही. मग म्हटलं, "कुणी मूल न्यायला येईल तेव्हा त्याला विचारून कापा, सर." त्यांनी मान हलवली आणि रजिस्टरात तुझ्या नावापुढे 'परत' लिहिलं. नववा भाग आता आठव्याशेजारी उभा आहे.

दादाचा कागद अजून आलेला नाही. आये अजून विचारते. मी अजून तेच सांगते. ते खोटं आहे की काय आहे, याचं उत्तर मला कॉलेजात मिळालेलं नाही. तुझ्याशी बोलता आलं असतं.

कोल्हापूरला जाताना मी सरांकडून कोरे ताव घेऊन जाणार आहे. पहिला भाग खिडकीत चिठ्ठी देऊन काढीन, हाताने उतरून घेईन, उन्हाळ्यात सर तो शिवतील. कव्हरावर १ काढतील. माझं अक्षर तुला आवडायचं नाही, मुंग्यांसारखं आहे म्हणायचीस. तरी चालवून घे.

पण तुला तोवर कशाला थांबवू? आज सकाळी तरीत मी एकटीच होते. तारीमामाने काही विचारलं नाही. अर्ध्या खाडीत मात्र त्याने वासा रोवला आणि तर उभी केली, आणि पाण्याकडे बघत राहिला. तेव्हा मी सांगितलं, मोठ्याने. तुलाच सांगितलं.

ऐक गो वत्सू. पहिल्या भागात काय एक घडणा नाय. दोन भाव शाळेत जातत. धाकटो रोज फुडे धावता. थोरलो हाका मारता, पण तो थांबणा नाय. वळणाकडे मात्र थांबता. थोरलो येयपर्यंत थंयच उभो रवता.